आखरापासून पशुवैद्यक विद्यालयापर्यंत

(कुही येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



आज या मांडवात ज्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, त्यांत आपल्या कुही तालुक्यातील एक कन्या आहे. तिची निवड नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात झाली आहे. अशा विद्यालयात नव्या विद्यार्थ्यास प्रथम काय काय पाहावयास मिळते आणि परदेशांतील अशा विद्यालयांचे स्वरूप कसे असते, याविषयी चार शब्द सांगावेत, अशी चालकांनी आम्हांस आज्ञा केली. ती आम्ही आनंदाने मान्य केली. परंतु सत्कार चालू असताना दोन उद्गार आमच्या कानी पडले. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आम्ही जन्मभर ढोरे राखली, एवढे शिकून पोरीनेही ढोरांमागेच जावे काय?" त्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "जायचेच तर विलायतेस जावे. दोन एकर गेले तरी चालतील, पण नाव होईल." हे दोन्ही उद्गार कळकळीचे आहेत. आपल्या समाजाच्या मनात आज जी घालमेल चालू आहे, ती या दोन वाक्यांत पूर्ण आली आहे. म्हणून या दोन्ही गृहस्थांस उत्तर मिळेल अशा बेताने आम्ही बोलणार आहोत.

प्रथम आपल्या घरची स्थिती पाहू. आपले वाडवडील गावाचे गायकी. तांबडे फुटताच गावची गुरे आखरावर जमावीत, गायकीने ती मोजून रानात न्यावीत आणि दिवेलागणीस ज्याची त्याच्या कोठ्यात पोचती करावीत, हा पिढ्यांचा नेम होता. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गाव आपल्या ढालीस मान देई आणि वर्षभराच्या राखणीचे धान्य आपल्या घरी येई. आता ते दिवस राहिले नाहीत. गायराने आकसली. गोसीखुर्दच्या जलाशयाने आपल्या तालुक्यातील अनेक गावे पाण्याखाली घेतली आणि गावांबरोबर त्यांची चराईची रानेही गेली. ट्रॅक्टर आला तशी बैलजोडी घटली. २०१९ सालच्या पशुगणनेत देशातील गाईबैलांची संख्या सुमारे १९ कोटी २५ लाख भरली. परंतु त्यांतील देशी जनावरे आधीच्या गणनेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी झाली होती. गुरे राखण्याचा धंदा मावळतीस लागला आहे, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु धंदा मावळला म्हणजे त्या धंद्यातील ज्ञानही मावळावे काय? शंभर गुरांच्या कळपात सकाळी कोणते जनावर मागे राहिले, कोणाच्या नाकपुडीवरचे दंव सुकले, कोणाचा रवंथ थांबला, कोणाच्या अंगावरचे केस उभे राहिले, हे आपल्या आजोबांस दुरून कळत असे. गाय आज विईल की उद्या, हे ते शेपटीच्या बुडाचे सांधे सैल झालेले पाहून सांगत. हे ज्ञान कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. ते पुस्तकात गेलेही नाही, आणि म्हणूनच नातवापर्यंत पोचण्यापूर्वी नाहीसे होण्याचे भय आहे. पशुवैद्यक विद्यालय म्हणजे या ज्ञानाची पारख करणारी, त्यातील खोटे टाकून खरे पुढे नेणारी जागा होय. आपली कन्या त्या दाराशी उभी आहे. चला, आपणही तिच्याबरोबर आत जाऊ.

आत जाण्यापूर्वी, अशी विद्यालये निघाली कशी हे थोडक्यात ऐकावे. अठराव्या शतकात युरोपात गुरांच्या बुळकांडीने हाहाकार केला होता. गोठेच्या गोठे ओस पडले. तेव्हा क्लोद बूर्जला या गृहस्थाने फ्रान्समधील ल्यों या नगरीत १७६२ साली जगातील पहिले पशुवैद्यक विद्यालय सुरू केले. हे गृहस्थ मुळात कायदा शिकलेले आणि घोडदौडीच्या शाळेचे प्रमुख होते. त्यांच्याच देशातून आलेल्या सेनबेल यांच्या हाताखाली १७९१ साली लंडनचे विद्यालय निघाले. इक्लिप्स नावाचा एक नामांकित शर्यतीचा घोडा १७८९ साली मेला, तेव्हा याच सेनबेलने त्याचे शवच्छेदन करून त्याच्या अवयवांची मापे घेतली होती. त्या घोड्याचा सांगाडा आजही लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजपाशी आहे आणि नव्या विद्यार्थ्यांस तो दाखविला जातो. सेनबेल मात्र विद्यालय निघाल्यावर दोनच वर्षांत वारला. घोड्यापासून माणसास जडणाऱ्या ग्लँडर्स रोगाने त्याचा अंत झाला असे मानतात.

तिसरे उदाहरण आपण विशेष ध्यानात ठेवावे. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथे १८२३ साली पशुवैद्यक शिक्षणास आरंभ झाला. तो करणारा विल्यम डिक हा कोणा सरदाराचा मुलगा नव्हता, तो एका नालबंदाचा मुलगा होता. घोड्यांना नाल ठोकणाऱ्या बापाच्या हाताखाली त्याने घोड्याचा पाय ओळखला, मग लंडनास जाऊन शास्त्र शिकला, आणि परत येऊन आपल्याच गावी विद्यालय काढले. त्याची बहीण मेरी हिने त्या विद्यालयाची आईच्या मायेने देखरेख केली. आज ते विद्यालय एडिंबरा विद्यापीठाचा भाग आहे आणि दोनशे वर्षांनंतरही डिकचे नाव धारण करून आहे. नालबंदाच्या मुलाने बापाच्या धंद्याची लाज धरली असती तर हे विद्यालय निघाले नसते. "पोरीनेही ढोरांमागेच जावे काय?" या प्रश्नास आमचे पहिले उत्तर हे आहे.

आपल्याकडे मुंबईस परळ येथे, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या इस्पितळाच्या आवारात, १८८६ साली पशुवैद्यक विद्यालय सुरू झाले. विदर्भास मात्र पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ साली निघाले. पुढे ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे होते; २००० साली महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ नागपुरासच स्थापन झाले आणि महाविद्यालय त्याच्याकडे आले. ते सेमिनरी हिल्सवर आहे. कुहीहून चाळीसएक किलोमीटरांचे अंतर. आपली मुले फुटाळा तलाव पाहण्यास जातात, तेथून हाकेच्या अंतरावर हे विद्येचे आवार आहे. पण त्या फाटकातून आत गेलेले आपल्यांत किती?

आता फाटकातून आत चलावे. नवा विद्यार्थी पहिल्याने जातो तो शरीररचनेच्या विभागात. तेथे गाय, घोडा, शेळी, कुत्रा यांचे सांगाडे उभे असतात. एकेका हाडाचे नाव, त्यावरचा खड्डा, उंचवटा, त्यातून जाणारी शीर हे सारे त्याला तोंडपाठ करावे लागते. तेथील औषधी द्रव्याचा वास प्रथम डोळ्यांत पाणी आणतो. अनेक विद्यार्थी येथेच कंटाळतात. परंतु ज्याने लहानपणी लंगडणाऱ्या बैलाचा खूर हातात धरून काटा शोधला आहे, त्याला या हाडांत आपला बैल दिसू लागतो.

पुढचा विभाग शरीरक्रियेचा. गाईच्या पोटाचे चार कप्पे आहेत: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरांहून अधिक सामग्री मावते. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि माणसाला ज्याचा काही उपयोग नाही अशी धानाची तणस तेच जीव कुजवून गाईस पचवून देतात. म्हणजे गाय तणस खाते असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात ती त्या जीवांना पोसते आणि ते तिला पोसतात. म्हणूनच लग्नाच्या मांडवातले उरलेले अन्न, भाताचे आणि पुऱ्यांचे ढीग एकदम गाईपुढे टाकले की त्या जीवांचा समतोल बिघडतो, पोटात आम्ल वाढते आणि गाय दगावू शकते. आपण पुण्य समजून जे करतो ते कधी कधी गाईच्या जिवावर बेतते. "गाय रवंथ करीत नाही, काही तरी बिघडले आहे" हे आजोबांचे बोल येथे शास्त्राने सिद्ध होतात. डॉक्टरही प्रथम डाव्या कुशीवर मूठ ठेवून कोटीपोटाची हालचाल मोजतो. निरोगी गाईत ती दर मिनिटास एक-दोनदा हाताला लागते.

तिसरा विभाग विकृतिशास्त्राचा. येथे मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन होते. आपल्या मंडळींस हे पाहवत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मेलेले एक जनावर गोठ्यातील उरलेली नऊ वाचवू शकते, जर त्याच्या मृत्यूचे खरे कारण कळले तर. मात्र एक अपवाद प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आले, तर तो फाशी रोग असण्याचा संभव असतो. असे जनावर कोणीही फाडू नये, सोलू नये. डॉक्टरास बोलवावे आणि ते खोल पुरावे. कारण त्या रोगाचे बीज मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि माणसासही मारते. हे शिक्षण विद्यार्थ्यास आरंभीच मिळते. किंबहुना प्रत्यक्ष रोगी जनावरांस हात लावण्यापूर्वी त्याने स्वतः पिसाळ रोगाची प्रतिबंधक लस टोचून घ्यावी, हाच शहाणपणाचा नियम आहे.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा घटसर्पाचा जंतू दिसतो, तेव्हा विद्यार्थ्याच्या मनावरचे एक ओझे उतरते. घटसर्प कोणाच्या नजरेने येत नाही, कोणी केलेल्या करणीने येत नाही. तो एका जंतूने येतो, आणि पावसाळ्यापूर्वी लस टोचली तर बहुधा टळतो. आपल्या भागात अजूनही आजारी जनावरास तापल्या लोखंडाने डागण्याची चाल आहे. डागण्याने घटसर्प जात नाही, एकटांग्या जात नाही. जनावरास वेदना मात्र होतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. वाडवडिलांच्या ज्ञानाचा आम्ही इतका गौरव केला, म्हणून हेही स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. जुने जे जे ते ते सोने नव्हे. घासून पाहावे लागते.

शेवटी रुग्णालय. सकाळी तेथे रांग लागलेली असते. कोणी कुत्रा घेऊन येतो, कोणी शेळी, कोणी टेम्पोत आडवी पडलेली गाय. शहरात मोकाट फिरणाऱ्या गाईचे पोट फाडले की त्यातून पिशव्यांचे गाठोडे, तारा, खिळे निघतात. चाऱ्याबरोबर गिळलेली तार जाळीपोटातून पुढे सरकून हृदयापर्यंत पोचते, आणि गाय उतारावरून चालण्यास कचरू लागते. गाईची ही कचराई ओळखणारा विद्यार्थी मोठमोठ्या यंत्रांआधी रोग पकडतो. अडलेली गाय, उलटे आलेले वासरू, अडकलेली वार, सुजलेली कास या साऱ्यांवर हात चालविण्याचे शिक्षण येथेच होते. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे, आणि त्यातील शेवटचे वर्ष अशा प्रत्यक्ष कामाचेच आहे.

आता याच वेळी एडिंबऱ्यास नवा विद्यार्थी काय पाहत असेल? तेथील विद्यालय २०११ साली शहरातल्या जुन्या इमारतीतून शहराबाहेर, पेंटलंडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी ईस्टर बुश या आवारात गेले. तेथे लहान प्राण्यांचे, घोड्यांचे आणि शेतीच्या जनावरांचे निरनिराळे रुग्णालय आहे. शेजारीच रॉस्लिन संस्था आहे. एका प्रौढ मेंढीच्या पेशीपासून तयार केलेली डॉली नावाची मेंढी १९९६ साली याच संस्थेत जन्मली. इमारती भव्य, यंत्रे अद्ययावत, ग्रंथालय संपन्न. हे सर्व पाहून आपला विद्यार्थी दिपून जाईल, यात शंका नाही.

पण या वैभवापेक्षा दोन साध्या गोष्टी आम्हांस अधिक शिकण्यासारख्या वाटतात. पहिली गोष्ट बुटांची. तेथे गोठ्यात पाऊल टाकण्यापूर्वी रबरी बूट घासून, जंतुनाशक पाण्यात बुडवून मगच आत जावे लागते. बाहेर येताना पुन्हा तेच. यास कारण आहे. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ-खुरकताची साथ आली, आणि ती आवरण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. रोग माणसाच्या बुटावरून, गाडीच्या चाकावरून, हातातील दोरावरून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो, हे त्या देशाने फार मोठी किंमत देऊन जाणले. २०२२ साली आपल्याकडे लंपी त्वचारोगाने गाई मेल्या, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी एका कोठ्यातून दुसऱ्या कोठ्यात जाताना पाय धुतले? बादलीभर पाणी आणि थोडे जंतुनाशक यास विलायत लागत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ब्रिटनमधील पशुवैद्यक विद्यार्थ्यांस पहिल्या वर्षांच्या सुट्ट्यांत शेतकऱ्यांच्या गोठ्यांत जाऊन राबण्याची सक्ती आहे. वसंत ऋतूत मेंढ्या विऊ लागल्या की शहरी घरांतील मुले-मुली रात्रीच्या रात्री वाड्यात उभी राहतात, कोकरू कसे धरावे, अडलेल्या मेंढीस हात कसा द्यावा, हे मेंढपाळापासून शिकतात. शेण काढतात, गाई धुतात, चारा घालतात. तेथील विद्येने हे ओळखले आहे की, ज्याने जनावर जवळून पाहिले नाही त्याला ते पुस्तकातून कळत नाही. बंधुभगिनींनो, ज्या शिक्षणासाठी तेथील विद्यार्थी सुट्ट्या खर्च करतात, ते आपल्या मुलांस जन्माबरोबर मिळते. आपण मात्र मुलगा शिकू लागला की त्याला कोठ्यापासून दूर ठेवतो, शेणाचा हात लागू देत नाही, आणि यालाच सुधारणा म्हणतो.

गुरे राखणाऱ्यांचे ज्ञान आणि विद्यालयाचे शास्त्र एकत्र आले म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण जगाच्या इतिहासात नोंदलेले आहे. ज्या बुळकांडीमुळे ल्योंचे विद्यालय निघाले, तिनेच आपल्या देशातही पिढ्यान्‌पिढ्या गोठे रिकामे केले. तिच्यावर १९२० च्या दशकात मुक्तेश्वर येथील प्रयोगशाळेत एडवर्ड्‌स यांनी शेळीच्या शरीरातून सौम्य केलेली लस तयार केली, आणि पुढे देशभर लसीकरण झाले. भारतातील बुळकांडीचा शेवटचा रुग्ण १९९५ सालचा. परंतु आफ्रिकेत सुदान आणि इथिओपिया या देशांच्या काही दुर्गम भागांत, जेथे लढाया चालू होत्या आणि डॉक्टर पोचू शकत नव्हता, तेथे रोग दबा धरून बसला. तेव्हा १९९० च्या दशकात तेथील भटक्या गुराख्यांनाच शिकवून लस टोचण्याचे काम दिले गेले. बर्फाशिवाय काही आठवडे टिकणारी लस त्यांच्या हाती देण्यात आली. कळप कोठे आहे, कोणत्या पाणवठ्यावर येतो, कोणत्या जनावरास पूर्वी हा रोग होऊन गेला, हे सारे त्यांनाच ठाऊक होते. शास्त्रज्ञांनी त्यांना विचारले आणि त्यांनी सांगितले. त्यानंतर २०११ साली सर्व जगातून बुळकांडीचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले. माणसाच्या देवी रोगानंतर पृथ्वीवरून समूळ नाहीसा झालेला हा दुसरा रोग. या यशात सूक्ष्मदर्शकाचा वाटा आहे, तसा गुराख्याच्या काठीचाही आहे. ती काठी धरणारे हात आपल्यासारख्यांचेच होते.

आता मुलींविषयी. "बैल आवरणे मुलीस जमेल काय?" असे कोणी विचारील. आयलीन कस्ट नावाच्या एका स्त्रीने १८९४ साली एडिंबऱ्यास पशुवैद्यकाच्या अभ्यासास आरंभ केला. तिने अभ्यास पुरा केला, पण केवळ स्त्री म्हणून तिला अंतिम परीक्षेस बसू दिले नाही. ती आयर्लंडात जाऊन खेड्यापाड्यांतील घोड्या-गाईंवर उपचार करू लागली. शेतकऱ्यांनी तिचे कौशल्य पाहिले, तिच्या सनदेची चौकशी केली नाही. पुढे कायदा बदलला आणि १९२२ साली तिला सनद मिळाली. ब्रिटनमधील ती पहिली स्त्री पशुवैद्य. आज त्याच देशातील पशुवैद्यक विद्यालयांत मुलांपेक्षा मुली अधिक आहेत. शिवाय आपल्या घरी गाईची धार कोण काढते, वासरू कोण पाजते, आजारी शेळीजवळ रात्र कोण जागते? हे काम आपल्या माताभगिनी करीत आल्या आहेत. मग त्यातील विद्या तेवढी मुलांसाठी राखून ठेवण्याचे कारण काय?

राहिला दुसऱ्या गृहस्थांचा प्रश्न: विलायतेस जावे काय? आमचे मत स्पष्ट आहे. जरूर जावे, पण शेत विकून पहिल्या पदवीसाठी जाऊ नये. परदेशातील विद्यार्थ्याकडून तेथील विद्यालये जी फी घेतात, ती दोन एकरांत भागत नाही. दोन एकर जातात आणि कर्ज उरते. दुसरे असे की, आपल्या देशात पशुवैद्य म्हणून काम करावयाचे तर १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाप्रमाणे नोंदणी लागते. म्हणून परदेशी पदवी घेण्याआधी तिला येथे मान्यता आहे की नाही, हे पाहणे अवश्य आहे. त्याउलट नागपुरात पदवी घेऊन, परिषदेत नाव नोंदवून, मग पुढील संशोधनासाठी बाहेर जाणारा विद्यार्थी पाठ्यवृत्ती मिळवू शकतो. त्यास इंग्लंडात किंवा अमेरिकेत प्रत्यक्ष उपचाराचा व्यवसाय करावयाचा असेल तर तेथील पात्रता-परीक्षा द्याव्या लागतात. त्या कठीण आहेत, पण अशक्य नाहीत. सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या योजनाही आहेत. त्यांच्या अटी आधी नीट वाचाव्यात आणि समाजाने त्यासाठी मुलांस मार्गदर्शन करावे. मध्यस्थाच्या गोड बोलण्यावर एक पैसाही देऊ नये. नागपुरातील प्रवेश नीटच्या परीक्षेतील गुणांवर मिळतो. कोणाच्या ओळखीने मिळत नाही.

आणि नागपुरातच करण्यासारखे कार्य थोडे आहे काय? वर्धा-नागपूर भागाची गवळाऊ गाय, अंगाने हलकी, चालीला जलद, आपल्या उन्हात टिकणारी. तलवारीसारख्या लांब शिंगांची आपली नागपुरी म्हैस. या जातींचे शुद्ध कळप विरळ होत चालले आहेत. त्यांची निवड, पैदास आणि नोंद करण्याचे काम एडिंबऱ्याचा शास्त्रज्ञ येऊन करणार नाही. ज्याच्या घरी ती गाय होती, त्याच्याच नातीने ते केले पाहिजे.

म्हणून समाजापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली: दरवर्षी मृग लागण्यापूर्वी, प्रत्येक गावच्या आखरावर गुरे एकत्र आणून पशुसंवर्धन खात्याकडून घटसर्प आणि एकटांग्याची लस टोचून घ्यावी. आखर आपला आहे, गुरे जमविण्याची विद्या आपली आहे. डॉक्टरास फक्त वेळेवर बोलवावयाचे आहे. दुसरी: गावोगावच्या वृद्ध गायकींकडून रोगांची लक्षणे, चाऱ्याच्या वनस्पती, गुरांच्या खाणाखुणा आणि हाका आमच्या विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्याव्यात. ही माणसे आज आहेत. पुढच्या मेळाव्यास असतीलच असे नाही. तिसरी: समाजाच्या निधीतून दरवर्षी दोन-चार होतकरू विद्यार्थ्यांस पशुवैद्यकाच्या प्रवेशासाठी पुस्तके आणि राहण्याचा खर्च द्यावा. लग्नातील एका रात्रीच्या रोषणाईपेक्षा हा खर्च मोठा नाही.

आपल्या कन्येस आमचे एवढेच सांगणे आहे. बाई, विद्यालयात तुला कोणी विचारले की तुझ्या घरी काय करतात, तर "गुरे राखतात" असे मान वर करून सांग. शरीररचनेचे पाठांतर कंटाळवाणे वाटेल, तेव्हा कोठ्यातील आपली गाय आठव. आजोबांचे सांगणे खोटे ठरले तर ते नम्रतेने घरी येऊन समजावून सांग. खरे ठरले तर वर्गात उभी राहून सांग. शिकून मोठी झाल्यावर परदेशात जाशील तर आम्हांस आनंद होईल. परंतु आपल्या तालुक्यातील एखाद्या गरिबाची एकुलती एक म्हैस रात्री अडली आणि तुझा हात तिला मिळाला, तर या समाजाने तुझ्यावर केलेला खर्च त्याच रात्री फिटला, असे आम्ही समजू.